कार्मिलाचे प्रेम आणि गावच्या पोरी



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंत व्याख्यानमालेत बोलावले म्हणजे तो किमान वेतनावर किंवा कंत्राटी पद्धतीवर बोलणार, असे सगळेजण धरून चालतात. यंदा संयोजकांनी 'माझ्या वाचनातील एक पुस्तक' असा विषय दिला, आणि मी एका रक्त पिणाऱ्या भुताची प्रेमकथा घेऊन आपणापुढे उभा आहे. तीही दोन स्त्रियांमधल्या प्रेमाची. पुस्तकाचे नाव 'कार्मिला', लेखक डब्लिनचे शेरिडन ले फॅन्यू. पुस्तक थोर आहे म्हणून मी ते निवडलेले नाही. त्याने माझी निराशा केली, आणि ती निराशा कशी झाली हे सांगण्यासारखे आहे, म्हणून निवडले.

युरोपातल्या या भुताला व्हँपायर म्हणतात. आपल्याकडे त्याला नेमका शब्द नाही. आपली भुते निराळी. सोडमुंज व्हायच्या आत मेलेल्या ब्राह्मणाच्या मुलाचा मुंजा होतो आणि तो पिंपळावर बसतो; बाळंतपणात मेलेल्या बाईची हडळ होते. म्हणजे मेल्यावरही जात आणि दुःख माणसाला सोडीत नाही. व्हँपायरचे तसे नाही. तो बहुधा सरदार घराण्यातला, थडग्यात सुखाने झोपणारा, आणि जिवंतांच्या रक्तावर आपले मरण लांबवीत नेणारा.

माझी आणि त्याची ओळख कादंबरीत झाली नाही. ती झाली कार्ल मार्क्सच्या 'भांडवल' या ग्रंथात. माझे शाळेतले शिक्षण फार नाही. जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, रात्री, शब्दकोश शेजारी ठेवून वाचले. 1867 साली निघालेल्या त्या पहिल्या खंडात कामाच्या दिवसावर एक लांबलचक प्रकरण आहे. अर्थशास्त्राच्या नावाने घाबरणाऱ्या माणसाने ते प्रकरण आधी वाचावे, कारण त्यात आकड्यांपेक्षा माणसे जास्त आहेत. तेथे भांडवलाला मार्क्स व्हँपायरची उपमा देतो, आणि एकदा देऊन थांबत नाही. त्याच प्रकरणात मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी भेटते. लंडनमधल्या एका नामांकित शिवणघरात ती कामाला होती. 1863 च्या जून महिन्यात राजघराण्यातल्या नव्या सुनेच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ व्हायचा होता आणि सरदारांच्या बायकामुलींचे झगे वेळेवर हवे होते. साठ मुलींच्या बरोबरीने ही मुलगी साडेसव्वीस तास सलग शिवीत बसली. एकेका कोंदट खोलीत तीस-तीस जणी. शुक्रवारी आजारी पडली आणि रविवारी मेली. हे नाव आपण ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

तर व्हँपायर हा शब्द असा डोक्यात बसला, आणि त्याचे मूळ घर कोणते ते पाहावे म्हणून मी कादंबऱ्यांकडे वळलो. ब्रॅम स्टोकरचा 'ड्रॅक्युला' पुष्कळांना ठाऊक असतो. तो 1897 चा. 'कार्मिला' त्याच्या पंचवीस वर्षे आधीची. 1871 च्या अखेरीपासून ती 'दि डार्क ब्लू' या लंडनच्या मासिकात क्रमशः आली आणि 1872 साली 'इन अ ग्लास डार्कली' या संग्रहात समाविष्ट झाली. तिला कादंबरी म्हणण्यापेक्षा दीर्घकथा म्हणणे बरे. सोळा छोटी प्रकरणे आहेत, दोन रात्रींत संपते.

कथा थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रियातल्या स्टायरिया प्रांतात, दाट अरण्यात, एका जुन्या गढीत लॉरा नावाची एकोणीस वर्षांची मुलगी राहते. आई लहानपणीच वारलेली. बाप इंग्रज, ऑस्ट्रियाच्या नोकरीतून निवृत्त झालेला. त्या मुलखात स्वस्ताई असल्यामुळे बेताच्या उत्पन्नातही त्याला ही गढी आणि भोवतालची जमीन घेता आली. एका चांदण्या संध्याकाळी गढीसमोर एक घोडागाडी उलटते. आतली भारदस्त बाई म्हणते, मला तातडीने पुढे जायचे आहे, माझी मुलगी अशक्त आहे, तीन महिने तिला ठेवून घ्याल का? बाप ठेवून घेतो. ती मुलगी कार्मिला. लॉरा तिला पाहते आणि दचकते, कारण हाच चेहरा तिने सहा वर्षांची असताना एका रात्री आपल्या बिछान्याशेजारी पाहिलेला असतो.

पुढे या दोघींचे जे काही होते त्याचे वर्णन, मी मोकळेपणाने सांगतो, अतिशय सुंदर आहे. कार्मिला लॉराचा हात धरून बसते, लॉरा कार्मिलाचे केस हातात घेऊन त्यांचे वजन पाहते, कार्मिला तिच्या कानाशी कुजबुजते की आपण दोघी एक होणार, तू माझी आहेस. लॉराला ओढ वाटते आणि शिसारीही वाटते, दोन्ही एकाच वेळी. लेखक त्या दोन्ही भावनांना शेजारी शेजारी बसवतो, एकीला दुसरीच्या पायाशी बसवीत नाही. 1872 च्या इंग्रजी वाचकापुढे हे ठेवणे सोपे नव्हते. त्याच काळातल्या इंग्रजी कायदेपंडितांनी आपल्या देशाला जो दंडविधान दिला, त्यातले 377 वे कलम 1862 पासून लागू होते, आणि ते मोडायला आपल्या सर्वोच्च न्यायालयाला 6 सप्टेंबर 2018 हा दिवस उजाडावा लागला. दोन प्रौढ माणसांनी राजीखुशीने केलेले प्रेम हा गुन्हा नाही, एवढे म्हणायला दीडशेहून अधिक वर्षे.

कोणी म्हणेल, कामगार पुढाऱ्याचा याच्याशी काय संबंध? संबंध येतो. प्रेम आमच्या कचेरीत कवितेच्या रूपाने येत नाही, फॉर्मच्या रूपाने येते. काही वर्षांपूर्वी सफाईकाम करणाऱ्या दोन बाया आल्या होत्या. बारा-तेरा वर्षे एका खोलीत संसार केलेला. त्यातल्या एकीला आपल्या भविष्यनिर्वाह निधीवर दुसरीचे नाव लावायचे होते. योजनेतल्या 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत नवरा होता, मुले होती, अवलंबून असलेले आईवडील होते. ही दुसरी बाई कशातच बसत नव्हती. गावाकडे म्हातारी आई जिवंत होती, म्हणून 'मला कुटुंब नाही' असेही लिहिता येईना. त्या दोघी भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत. फॉर्म घडी घालून पिशवीत ठेवला आणि पाळीवर गेल्या. तेव्हा हे प्रेम म्हणजे रोग आहे की विकृती आहे, या वादात मला रस नाही. ते आहे, आणि सकाळी सहाच्या पाळीला जाते.

ले फॅन्यूवर माझा राग आहे तो निराळ्या कारणासाठी.

गढीच्या भोवती गाव आहे. त्या गावात बाया मरत आहेत. डुकरे राखणाऱ्याची तरुण बायको म्हणते, रात्री कोणीतरी माझा गळा धरला, आणि आठवड्याच्या आत मरते. जंगलाच्या रखवालदाराची मुलगी भूत पाहिले म्हणून अंथरूण धरते आणि पंधरवड्यात जाते. आणखी एका कुळाची बहीण त्याच वाटेवर असते. रखवालदाराच्या मुलीची प्रेतयात्रा गढीवरून जाते, लोक भजन म्हणत असतात, लॉरा आदराने उठून उभी राहते. कार्मिला मात्र कानांवर हात ठेवते, चिडते, आणि सांगते की असल्या शेतकरी लोकांचा विचार करून मी डोके शिणवीत नाही. दुसऱ्या एका प्रसंगी एक कुबडा बहुरूपी अंगणात येतो. भुतापासून रक्षण करणारे ताईत विकणारा, पोटासाठी चार धंदे करणारा माणूस. खालून त्याला खिडकीतल्या कार्मिलाचा अणकुचीदार दात दिसतो आणि तो भाबडेपणाने म्हणतो, बाईसाहेब, माझ्याजवळ कानस आहे, घासून देतो. त्यावर ही नाजूक, सदा थकलेली, प्रेमाने बोलणारी मुलगी एकदम कशी बोलते? माझ्या बापाने याला पंपाला बांधून गाडीवानाच्या चाबकाने फोडला असता आणि हाडापर्यंत डाग दिले असते!

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. वाटले, आता हा लेखक खरे काही सांगणार. कारण शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच एक नियम सांगतो: व्हँपायर एखाद्या व्यक्तीवर जडतो तेव्हा अगदी प्रियकराच्या चिकाटीने तिची आराधना करतो, तिची सहानुभूती, तिची संमतीदेखील मागतो, पण इतरांच्या बाबतीत तो सरळ जातो, बळजबरी करतो, आणि पुष्कळदा एकाच बैठकीत जीव घेतो. म्हणजे आराधना गढीतल्या मुलीसाठी आणि बळजबरी डुकरे राखणाऱ्याच्या बायकोसाठी. प्रेम कोणावर करायचे आणि जेवायचे कोणाला, याची वाटणी ठरलेली आहे. आराधनेचे ते दिवस कार्मिला कशावर काढते? गावच्या पोरींवर. लॉराच्या वाट्याला आलेली ती हळुवार कुजबुज, तो हातात धरलेला हात, यांचा खर्च बाहेर अंगणापलीकडे कोणीतरी भरीत आहे. मेरी ॲन वॉकलीने साडेसव्वीस तास शिवलेला झगा घालून जी कोणी त्या समारंभात नाचली असेल, तीही आपल्या माणसावर मनापासून प्रेम करीत असेल. मला त्याबद्दल शंका नाही.

येथे एक सोपी वाट आहे; तिने मला जायचे नाही. कार्मिला म्हणजे जमीनदार, तिचे प्रेम म्हणजे ढोंग, खेळ खलास, असे म्हणून मोकळे होता येते. पण ते खरे नाही. तिचे प्रेम ढोंग असते तर पुस्तकात काही उरलेच नसते. तीस वर्षे मालकांशी बोलणी करण्यात गेली. त्यात मला राक्षस फार थोडे भेटले. एक कारखानदार होते. कामगाराच्या मुलीचे लग्न असले की स्वतः हजर, हातात साडी. कोणाचा मुलगा कितवीत आहे ते तोंडपाठ. आणि त्याच कामगारांना जादा कामाचे पैसे कायद्याने दुप्पट दराने द्यायचे ते वर्षानुवर्षे एकेरी दराने देत. आम्ही हिशेब मांडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाणी खरे होते, मी समोर बसलो होतो. 'मी तुम्हाला घरचे मानले,' म्हणाले. मानलेच होते. माया आणि शोषण एका छातीत इतक्या सुखाने कसे नांदतात, हे मला आजवर कोणत्याही अहवालाने समजावून दिलेले नाही. कादंबरीने द्यावे अशी माझी अपेक्षा होती. ते कादंबरीचेच काम आहे.

आणि ले फॅन्यूच्या हातात सगळे साहित्य होते! त्याने एकच प्रसंग लिहायचा होता. लॉराला सगळे कळले आहे, रखवालदाराच्या मुलीला कोणी मारले हे कळले आहे, आणि ती कार्मिलासमोर उभी आहे. ती काय म्हणते? तिची ओढ तेवढ्याने सुटते का? नाही सुटली तर ती स्वतःला काय म्हणते? कार्मिलाला ती मुलगी त्या क्षणी तरी माणूस म्हणून दिसते का? हा प्रसंग पुस्तकात नाही. ऐन वेळी लेखक लॉराला बाजूला बसवतो आणि वडीलधाऱ्या पुरुषांना बोलावतो.

ते कसे येतात पाहा. गावच्या बाया मरत होत्या तोवर लॉराच्या बापाचे म्हणणे असे की आजार नैसर्गिक आहे, ही गरीब माणसे आपल्या खुळचट समजुती एकमेकांना लावतात. पण जनरल स्पील्सडॉर्फ यांच्या घरात वाढलेली त्यांची पुतणी बर्था, एका मुखवट्यांच्या नृत्यसमारंभात भेटलेल्या मिलार्का नावाच्या मुलीला घरी आणून, तशाच आजाराने मरते. इकडे लॉरा फिकी पडू लागते. आता डॉक्टर येतात, दारे लावून बोलणी होतात, जनरल कुऱ्हाड घेऊन निघतात, जुनी कागदपत्रे धुंडाळणारा एक सरदार येतो, आणि अखेरीस बादशाही चौकशी समिती बसते. चौकशी समित्या मी पुष्कळ पाहिल्या. त्या केव्हा बसतात हे मला कोणी शिकवायला नको. मिलार्का, कार्मिला आणि मिर्काला ही तीच अक्षरे उलटसुलट केलेली नावे. मिर्काला ही कार्नस्टाइन घराण्याची सरदारीण, शंभरहून अधिक वर्षांपूर्वी मेलेली. थडगे उघडतात. ती आत ताजी, डोळे उघडे, शवपेटीत सात इंच रक्त. दोन वैद्य श्वास चालू असल्याची साक्ष देतात. छातीत मेख, मान तोडणे, दहन, राख नदीत. सह्या, शिक्के.

त्या समितीपुढे लॉराची साक्ष नाही. जिच्यासाठी हे सारे चालले, जिला त्या स्त्रीबद्दल कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते, ती तेथे नव्हती. तिने हा वृत्तान्त बापाजवळच्या अहवालाच्या प्रतीवरून लिहिला आहे. डुकरे राखणाऱ्याला तर कोणी कळवलेही नसावे.

अहवालाचा आणखी एक दोष नोंदवतो. घोडागाडीतली ती भारदस्त बाई, जी कार्मिलाला आपली मुलगी म्हणून घराघरांत ठेवून जाते, ती पुन्हा दिसत नाही. तिच्या गाडीत डोक्याला रंगीत फेटा गुंडाळलेली एक काळी स्त्री बसलेली दाखवली आहे. तिचे वर्णन लेखकाने ज्या तिरस्काराने केले आहे ते आज वाचवत नाही, आणि तिचाही पुढे पत्ता नाही. ती बाई कोण, कोणासाठी काम करते, पुढच्या गावात कोणाला ठेवायला गेली? समिती विचारीत नाही, लेखकही विचारीत नाही. आमच्या धंद्यात याला म्हणतात, मजूर सापडला, मुकादम सुटला.

ले फॅन्यूला खेड्यातली माणसे ठाऊक नव्हती असे नाही. तो आयर्लंडमधल्या प्रॉटेस्टंट धर्माधिकाऱ्याचा मुलगा. 1830 नंतरच्या वर्षांत तेथल्या कॅथलिक शेतकऱ्यांनी चर्चचा कर द्यायचे नाकारले तेव्हा या घराचेही उत्पन्न आटले होते. 1845 पासूनचा बटाट्याचा दुष्काळ त्याने प्रौढ वयात पाहिला. दहा लाखांच्या आसपास माणसे त्यात मेली. तो वृत्तपत्रांचा मालक होता आणि राजकारणाने जमीनदारांच्या बाजूचा. म्हणून त्याने गावच्या पोरी पाहिल्या, पण खिडकीतून. पाहिल्या याचे श्रेय मात्र त्याला द्यायला हवे. पुष्कळ लेखकांच्या खिडकीला तेवढीही फट नसते. 'ड्रॅक्युला' मध्येही पुरुषांची समिती आहे, मेख आहे, सगळे मोठ्या प्रमाणावर आहे. पण इतके दुखणारे त्यात काही नाही.

शेवट करूनही लेखकाला चैन पडलेले नाही, हे एका गोष्टीवरून दिसते. दहा वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर लॉरा लिहिते की कार्मिला मला दोन रूपांत आठवते, कधी ती खेळकर सुंदर मुलगी, कधी थडग्याजवळची ती पिशाच्ची. आणि अधूनमधून वाटते की दिवाणखान्याच्या दाराशी तिचे हलके पाऊल वाजले. समितीने राख नदीत सोडली खरी, पण या मुलीची वाट पाहणे काही तिला थांबवता आले नाही. सगळ्या पुस्तकात लॉरा स्वतःच्या आवाजात बोलते ती येथे, आणि येथेच पुस्तक संपते. आपल्याकडे 1981 साली रंगभूमीवर आलेल्या तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' मध्ये स्त्रीवर प्रेम करणारी सुमित्रा अखेर स्वतःच्या हाताने मरते. प्रेम करणारीला मारून टाकणे लेखकांना सोपे जाते, निदान तेव्हा जात होते. पण तेंडुलकरांनी तिचे मरण समितीच्या सहीने मंजूर करून घेतलेले नाही, हा फरक मोठा आहे.

आता एकच गोष्ट सांगतो. कथेत कार्नस्टाइन नावाचे एक ओसाड गाव आहे. छपरे पडलेली, देवळात सरदारांची थडगी. ते का उजाडले याची हकीकत एक लाकूडतोड्या सांगतो, आणि ती पानभरात उरकते. तेथे मेलेले लोक उठू लागले, गावकऱ्यांनी कायदेशीर रीतीने थडग्यांमागून थडगी उघडली, मेखा मारल्या, तरी माणसे मरतच राहिली. मग मोराव्हियाचा एक परदेशी सरदार आला. त्याने देवळाच्या मनोऱ्यावर चढून एका पिशाचाला मारले आणि जाताना मिर्कालाचे थडगे हलवून त्याची जागा कोणाला कळू नये अशी व्यवस्था केली. पुढे उलगडा होतो तो असा: तरुणपणी या सरदाराचे मिर्कालावर प्रेम होते. तिच्या देहाची विटंबना होऊ नये म्हणून त्याने थडगे लपवले. मारलेल्या त्या दुसऱ्या पिशाचाचे नाव कोणी सांगत नाही. म्हातारपणी सरदाराला पश्चात्ताप झाला आणि त्याने खाणाखुणांचा कागद लिहून ठेवला. तो कागद वंशजाच्या हाती लागेपर्यंत मध्ये कितीतरी वर्षे गेली. एका माणसाचे खरे प्रेम, आणि त्याचे व्याज गाव भरीत राहिले. मला विचाराल तर खरी कादंबरी या एका पानात होती, आणि लेखकाने ती लाकूडतोड्याच्या तोंडी देऊन टाकली.

त्या गावातली माणसे कोठे गेली, हे मी पुन्हा पुन्हा शोधले. लाकूडतोड्याला ते ठाऊक असणार. पण जनरलसाहेबांना थडग्याची जागा हवी होती, आणि माणसे कोठे गेली हे त्यांनी त्याला विचारले नाही.